दांड्याचे आवाज मी देणार नाही

वैजू, सगळ्यात आधी एक सांगून टाकते. तू मेलीस म्हणून आपल्या वादात तू जिंकलीस असं होत नाही. माणूस गेलं की त्याचं सगळंच खरं मानायची आपल्याकडे रीत आहे आणि कॉलेजात सध्या तुझ्या बाबतीत तेच चाललंय. तुला बघून जे जिना बदलायचे तेसुद्धा आता "मॅडमची इच्छा होती की" अशी सुरुवात करतात. मी निमूट ऐकते, म्हणजे माझ्या मानाने निमूट. काल त्या वाणिज्यच्या सरांना विचारलं, मॅडमचा विषय काय होता ते तरी माहीत आहे का तुम्हाला? त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

शनिवारी तुझी शोकसभा झाली. तिथे मी जे केलं त्यावरून अर्धं कॉलेज माझ्याशी बोलत नाही. तुझा नवरा, अविनाशही बोलत नाही. ते तुला सांगायलाच लिहायला बसलेय. पण पहिल्यापासून सांगणार. आधी निष्कर्ष ठोकायचा आणि मग पुरावे शोधत फिरायचं ही सवय तुझी, माझी नाही.

तुला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगते, कारण हे बाकीचेही वाचतील. आपण दोघी समाजशास्त्र शिकवणाऱ्या, पार्ल्याच्या एकाच स्टाफरूममध्ये शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून केस पांढरे केलेल्या. फोनच्या जाळ्याने माणसांचं बोलणं कसं बदललं यावर सगळीकडे लिहून येत होतं. तू म्हणालीस, जगाचं जगाला माहीत, आपण खारदांड्याला जाऊन बघू. तिथल्या मासे विकणाऱ्या बायकांचा फोनवर एक ग्रुप होता. धक्क्यावर लिलावाला जी जाईल तिने तिथूनच आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा, आज काय माल आलाय, कितीला गेला. टाइप करत बसायला कुणाला वेळ नाही आणि हात कायम ओले, त्यामुळे सगळा ग्रुप बोलण्याचाच. भावाचं संपलं की घरचं सुरू व्हायचं. सुनेचं, गुडघ्याचं, पिऊन आलेल्या नवऱ्याचं. आपल्याला तेच हवं होतं. त्यांनी आपल्याला ग्रुपमध्ये घेतलं, आवाज जपून ठेवायलाही हो म्हटलं, पण एका अटीवर. हे तुम्हा दोघींपुरतं. आणखी कुणाला ऐकवायचं असेल तर आधी येऊन आम्हाला विचारा. आणि ही अट मान्य आहे असं पुढे होऊन म्हणाली होतीस तू, मी नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी आपल्याला ग्रुपमधून काढून टाकलं होतं, आठवतं? अभ्यास करणाऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही, नुसतं बघायचं, असं शिकून गेलेल्या आपण. रोज सकाळी सगळं ऐकायचो आणि गप्प बसायचो. आपण ऐकलंय हे त्यांच्या फोनवर दिसत होतंच. मग एक दिवस दोघींचं नाव गायब. धावत दांड्याला गेलो. ग्रुप हिरामावशीने काढलेला, ती वाळत घातलेल्या बोंबलांच्या खाली बसून माशांचे वाटे लावत होती. तिने मान वरसुद्धा केली नाही. "ऐकायचं नि गप बसायचं? भिंतीला कान लावल्यावानी? आमच्यात असं नाय चालत गो. जिने ऐकलं तिने हुं म्हणायचं. नायतर ती कोण?" म्हणजे तिथे पद्धतच होती. एकीने बोलायचं आणि ऐकणाऱ्या प्रत्येकीने एका क्षणाचा का होईना, आपल्या आवाजात हुंकार पाठवायचा. अंगठा नाही, हसरा चेहरा नाही. आवाज.

आपल्या संशोधनाच्या पद्धतीचे तिथेच तीनतेरा वाजले. दुसऱ्या दिवसापासून मी आणि तू रोज हुं म्हणायला लागलो. मी हुं वर थांबायचे. तू कसली थांबतेस. पार्ल्याच्या अंड्यालाही न शिवणाऱ्या घरातली तू, पापलेटच्या भावावर मत द्यायला लागलीस. बोंबलाला काटे असतात का, असं एकदा भर ग्रुपमध्ये विचारलंस आणि बायका दिवसभर हसत होत्या. माझं आजोळ मालवणचं, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभरात तू मांदेली साफ करून घेऊन घरी न्यायला लागलीस आणि अविनाशला सांगायचीस की शुभाने दिली.

तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायचे, बघ, दांड्याच्या बायकांनी हट्टाने टिकवलंय म्हणून तो हुंकार दिसतो. बाकी या फोनने तो खाऊन टाकला. आपला स्टाफचा ग्रुप घे. सत्तर माणसं वाचतात, एक बोलत नाही. वाचल्याची खूण पडली की जबाबदारी संपली. तू वडा मोडत म्हणायचीस, "शुभे, यंत्राला काय बोल लावतेस. माणूस कुठल्याही यंत्रात शिरून आपली बसायची जागा करून घेतो. त्या फोनमध्ये हुंकाराचं बटण होतं का? या बायकांनी केलं." मी म्हणायचे, तुझ्या बोलण्यात माणूस कधी हरतच नाही. तू म्हणायचीस, तुझ्या बोलण्यात कधी जिंकत नाही. कँटीनचा पोऱ्या न सांगता दुसरा चहा आणायचा. मला या बाचाबाचीची इतकी सवय झाली होती की सुट्टीत करमायचं नाही, आणि हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतेय.

खरी ठिणगी गेल्या पावसाळ्यानंतर पडली. तुझ्या डोक्यात आलं की दांड्याचे आवाज सगळ्यांसाठी खुले करायचे. ज्याला हवं त्याने ऐकावं, शिकावं, वापरावं. तू म्हणालीस, "आज ना उद्या यंत्रं मराठी बोलणार आहेत. कुणाचं मराठी बोलतील? जे त्यांना ऐकवलं जाईल त्याचं. पेपरचं, बातम्यांचं, तुझ्यामाझ्यासारख्यांचं. हिरामावशी त्यात नसली तर पन्नास वर्षांनी ती कधी बोललीच नव्हती असं होईल." मुद्दा बिनतोड होता. मला अजून त्याचं पुरतं उत्तर सापडलेलं नाही, हे कबूल. पण मी तेव्हा जे म्हटलं तेच आजही म्हणते. त्या बाईने आपल्याला भिंतीला कान लावल्याबद्दल हाकललं होतं. आणि तू आता सगळ्या जगाला त्या भिंतीशी आणून उभं करणार. कोण ऐकतंय ते तिला दिसणार नाही. एकही जण हुं म्हणणार नाही.

"तू त्यांना डबीत घालून ठेवतेयस," तू म्हणालीस.

"आणि तू त्यांना चौकात उभं करतेयस."

"त्यांना विचारू या की."

"विचारू या. पण तू अशी विचारशील की त्या हो म्हणतील. गोड बोलून तू कुणालाही गुंडाळतेस."

मग तू आजारी पडलीस आणि विचारायला जायचं राहिलं.

दवाखान्यातसुद्धा आपण यावरच भांडलो. भेटायची वेळ संपत आली होती, तुझी नाकातली नळी काढून तू तावातावाने बोलत होतीस आणि सिस्टरने मला झापलं. "पेशंटला त्रास देऊ नका." तू तिला म्हणालीस, ही त्रास देत नाहीये, ही माझं औषध आहे. आणि मला म्हणालीस, "घरी आले की बघते तुझ्याकडे." घरी आली नाहीस.

तेव्हापासून जो तो मला समजावतो. शेवटची भेट भांडणात गेली म्हणून मनाला लावून घेऊ नका, असं होतं, आपल्याला काय ठाऊक असतं. वैजू, मला जराही वाईट वाटत नाही. त्या बिछान्यापाशी येऊन जे तुझ्या प्रत्येक वाक्याला हो हो करत होते, त्यांनी तुला आधीच मोडीत काढलं होतं. मी शेवटच्या दिवसापर्यंत तुझ्याशी बरोबरीने भांडले. तुला तेच हवं होतं, तुझा चेहरा बघून मला कळत होतं. माझा राग वेगळाच आहे. वाद अर्ध्यावर टाकून उठून जाणाऱ्यातली तू नव्हतीस, आणि बरोबर याच वेळी उठलीस.

तू गेल्याचं कॉलेजच्या ग्रुपवर पडलं आणि जोडलेल्या हातांची रांग लागली. एकाने चुकून वाढदिवसाचा केक टाकला, मग पुसला. दांड्याच्या ग्रुपवर कोण सांगणार? मी अंधेरीला मेट्रोत चढले आणि तिथूनच बोलले. मावशी, वैजू गेली, एवढंच. चकाला स्टेशनापर्यंत काही आलं नाही. मग हिरामावशीचं हुं आलं. मग संगीताचं. मग एकामागून एक हुंकार येत राहिले, कुणाचा भरल्या गळ्याचा, कुणाच्या मागे बाजाराचा कालवा, कुणाला बोलताच आलं नाही तर नुसता श्वास. मी फोन कानाला लावून सगळे ऐकले. घाटकोपरला डबा रिकामा झाला, मी बसूनच होते, झाडायला आलेल्या बाईने हात धरून उठवलं. तेव्हा मी पहिल्यांदा रडले. माणूस यंत्रात आपली जागा करून घेतो, हे तुझं म्हणणं त्या दिवसापुरतं मी मान्य केलं. फार हुरळू नकोस.

तुझ्या तेराव्यानंतर अविनाश आणि प्राचार्य मला भेटायला आले. दोघांचं आधीच ठरलं होतं. तुझ्या नावाने ध्वनिसंग्रह करायचा, दांड्याचे सगळे आवाज इंटरनेटवर खुले टाकायचे आणि शोकसभेत त्याची घोषणा करायची. काम दोघींचं असल्यामुळे माझा होकार लागत होता आणि आवाज माझ्याकडे घरी होते. "नावं काढून टाकू ना," प्राचार्य म्हणाले. मी म्हटलं, हिरामावशी ओरडली की अख्खा खारबाजार मान वळवतो, नाव काढून काय उपयोग? मग अविनाश म्हणाला, "शुभाताई, तिचं तेवढंच राहील हो. आणि तिचीच इच्छा होती." त्याचा शर्ट चुरगळलेला होता. क्षणभर वाटलं, द्यावं आणि मोकळं व्हावं. पण मी म्हटलं, त्यांना विचारून येते.

गेले. बाजार उठल्यावर हिरामावशीच्या ओट्यावर सगळ्या जमल्या. वैजू, तुझी बाजू मी तुझ्यापेक्षा चांगली मांडली. काहीही लपवलं नाही, गुळमुळीत केलं नाही. यंत्रांचं सांगितलं, पन्नास वर्षांनंतरचं सांगितलं. मग म्हटलं, मला स्वतःला हे मान्य नाही, पण आवाज तुमचे आहेत.

संगीता सगळ्यात तरुण, ती लगेच म्हणाली, "द्या. माझी सासू गेली, तिचा आवाज आहे त्यात. ऐकला जगाने तर काय बिघडलं? तेवढीच राहील ती."

"आणि तुझ्या सासूला हुं कोण म्हणत होतं?" हिरामावशी म्हणाली. "मी. मग माझा आवाज पण गेला ना. आणि ती काय काय बोलायची, तुझ्याबद्दल पण बोलायची, तू लग्न होऊन आलीस तेव्हा. ऐकवू का जगाला?"

बायका हसल्या. संगीताही हसली, पण तिचे डोळे भरले. एक जण म्हणाली, माझी सून आता माझ्याशी नीट वागते, तेव्हाचं तिने ऐकलं तर घराची वाट लागेल. दुसरी म्हणाली, मी नवऱ्याबद्दल बोलले ते खोटं नाय, पण ते तुम्हाला बोलले. त्या बराच वेळ भांडल्या, एकमेकींच्या अंगावर ओरडल्या आणि मी मध्ये एक अक्षर बोलले नाही. शेवटी ठरलं. हे बोलणं एकीचं नाही, एकीचं दिलं की दुसरीचं आपोआप जातं, म्हणून कुणाचंच द्यायचं नाही. संगीताला मी तिच्या सासूचे आवाज तिथेच तिच्या फोनमध्ये घालून दिले. ती भिंतीकडे तोंड करून ऐकत बसली.

घरी येऊन मी कामाला लागले. ज्यांनी नाही म्हटलं त्यांचे आवाज एकेक करून बाजूला काढत गेले. सगळे काढून झाले आणि तरी काहीतरी उरलं होतं. तू उरली होतीस. रोज सकाळची तू, इतक्या सकाळींची. तुझ्या आवाजावर हक्क तुझा, आणि तो खुला करावा असं तू माझ्या तोंडावर इतक्या वेळा सांगितलं होतंस की तुला विचारायला कुठे जायची गरज नव्हती. दुसऱ्यांच्या आवाजाबद्दल तुझं मत मी मानणार नाही. तुझ्या आवाजाबद्दल मानलं पाहिजे. मला ते आवडलं नाही, पण नियम म्हणजे नियम.

सभेत सगळी भाषणं झाली. तू शांत आणि सोशिक होतीस असं तिघांनी सांगितलं. मग प्राचार्य म्हणाले, शुभाताई एक घोषणा करतील. मी उभी राहिले आणि म्हटलं, दांड्याच्या बायकांचे आवाज मिळणार नाहीत. वैजूने त्यांना शब्द दिला होता, मी विचारून आले, त्या नाही म्हणाल्या. सभागृहात कुजबुज सुरू झाली. प्राचार्य माझ्या हातातला माईक घ्यायला पुढे आले, मी दिला नाही. म्हटलं, वैजूचा स्वतःचा आवाज मात्र सगळ्यांसाठी खुला आहे, कारण तिला तसंच हवं होतं. आणि लावला.

"हुं मावशी." मग काढलेल्या आवाजाइतकी शांतता. "एवढं महाग? मग कोण घेणार गं?" शांतता. "हुं." "हुं हुं." "नाही, उद्या नको, आजच जा डॉक्टरकडे, मी पैसे... नाही, ऐक माझं." पुन्हा शांतता, जरा लांब. "रडू नकोस. ऐकतेय मी. बोल." मग तू हसलीस, कशाला ते कुणाला कळलं नाही. तुझं ते नाकातून हसणं. मागच्या रांगेतली तुझी एक विद्यार्थिनी तोंड दाबून बाहेर गेली. अविनाश खाली बघत होता. मीही कुणाकडे बघू शकत नव्हते, म्हणून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

प्राचार्य म्हणाले, "पण हे अर्धंच आहे. समोरून कोण काय बोलतंय तेच कळत नाही. असा संग्रह कोण ऐकणार?"

"उरलेलं ऐकायचं असेल त्याने दांड्याला जावं," मी म्हटलं. "बायका बाजारात बसलेल्याच असतात. आपलं नाव सांगावं, चार मासे घ्यावेत, त्या बोलतील तेव्हा आपणही बोलावं. त्यांना वाटलं तर सांगतील."

त्यावरून हे सगळं बोलणं बंद झालंय. अविनाशने जाताना तुझे आवाज तेवढे मागून घेतले, नुसता हात पुढे केला. प्राचार्यांनी मला खुलासा मागितलाय. देईन की. माझ्याकडे भरपूर आहे सांगण्यासारखं.

आणि वैजू, तुला यातलं काहीही पटलं नसतं. तू पहिल्या रांगेतून उठली असतीस, शुभे हा मूर्खपणा आहे म्हणाली असतीस, सगळ्यांसमोर. मीच बरोबर आहे. स्टाफरूममध्ये तुझ्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून आज मी ते मोठ्याने म्हणून पाहिलं आणि कुणीही मला नाही म्हटलं नाही. हे मला सहन होत नाही गं.